मधल्या खोलीतलं धान

प्रिय दादा,

पत्र पाहून घाबरू नको, घरी सगळे बरे आहेत. फोनवर तू मधेच बोलतोस आणि माझं अर्धं राहून जातं, म्हणून लिहितो. शेजारचा टिकाराम उद्याच्या गाडीनं पुण्याला येऊन राहिला, त्याच्याजवळ देतो. तो एकदा बसला की उठत नाही, वहिनीला सांगून ठेव.

नेटचं सांगतो. सोमवारपर्यंत तुला साहेबाला नव्या घरातल्या तुझ्या खोलीतला स्पीडचा फोटो दाखवायचा आहे, तरच आपल्या दवनीवाड्यातून काम करायची परवानगी मिळेल, नाहीतर तुम्ही तिघं तिकडेच. आणि मागच्या आठवड्यात मी जो फोटो पाठवला, त्यात काटा शून्यावर बसला होता.

असं काऊन झालं, ते ऐक. सप्टेंबरात घर नुकतं झालं तेव्हा तुझ्या नकाशाप्रमाणे राउटर समोरच्या हॉलमध्ये लावला आणि मोबाइल धरून मी खोल्याखोल्यांतून फिरलो. माय म्हणे, भूत शोधतोस का रे? मागच्या खोलीतही, जी तुला शांत म्हणून पाहिजे होती, चांगला स्पीड आला. तेव्हा घरात एक खाटही नव्हती. मी तुला कळवलं, फुल रेंज आहे. रायपूरला मोबाइल टॉवर उभारणाऱ्या गँगमध्ये होतो तेव्हा आमचा मुकादम सांगायचा, माप भरल्या घराचं घ्या, रिकाम्याचं नको. मोठा मजेदार माणूस. टॉवरवर सरसर चढायचा आणि मेळ्यातल्या पाळण्यात बसायला घाबरायचा. असो.

नोव्हेंबरात धान चुरून पोत्यांत भरून झालं. सरकारी केंद्रावर विकायचा नंबर लागेपर्यंत ठेवायचं कुठं, तर बाबांनी मधल्या खोलीत लावलं. शंभरावर कट्टे, पार छतापर्यंत. ओलसर धान नेटच्या लहरी पिऊन टाकते. माय मागच्या खोलीत तुझ्या खुशीशी बोलत होती आणि पोरगी पडद्यावर गोठली. "काऊन रे भूप्या, माही नात बोलता बोलता दगड झाली!" हॉलमध्ये जाऊन बोल म्हटलं तर जात नाही. तिथं बाबांजवळ माणसं बसलेली असतात, त्यांच्यासमोर नातीचे लाड करायची तिला लाज वाटते.

भिंतीत रिकामा पाइप टाकून ठेव, असं तू नकाशावर लिहिलं होतंस. पण गुलाबचंद मिस्त्री म्हणाला, "बिनतारी नेटले तार कायले लागते?" सगळे हसले, मीही हसलो आणि पाइप राहिला. चूक माझीच. मिस्त्रीला काय कळणार, गँगमध्ये तर मी होतो.

पण दादा, उपाय एका दिवसाचा होता. बाहेरून छज्ज्याखालून वायर न्यायची आणि तुझ्या खोलीत राउटरचा दुसरा डबा बसवायचा. वायरचं बंडल माझ्या खाटेखाली पडून होतं. बारा दिवस मी त्याला हात लावला नाही. उलट तुला शून्याचा फोटो पाठवला आणि फोनवर म्हणालो, कट्टे हलल्याशिवाय काही होत नाही, पुढच्या वर्षी पाहू. ते खोटं होतं.

सुरत, भिलाई, रायपूर, कुठंच मी चार महिन्यांवर टिकलो नाही. यंदा रोवणीपासून घरी आहे. रोवणी झाली, कापणी आली आणि जावंसं वाटलंच नाही, माझं मलाच नवल. तू घरी राहायला येणार हे बाबांना कापणीच्या दिवसांत कळलं. बांधावर बसल्या बसल्या म्हणाले, "आता देवानंद येऊन राहिला. तू मोकळा. जा जिकडं जाचं तिकडं." रागानं नाही, प्रेमानं म्हणाले, जसं काही मला दाव्यातून सोडत होते. मी विळा जोरात चालवला आणि बोट कापून घेतलं.

काल पाहिलं तर माय तुझ्या खोलीच्या खिडकीतून हात बाहेर काढून मोबाइल धरून उभी. बाहेर थोडी रेंज मिळाली तर खुशी दिसेल म्हणून.  मी शिडी लावली. आज दुपारी वायरचं काम झालं आणि पंचेचाळीस स्पीड आला, कट्टे जागच्या जागी असून. फोटो तुला मोबाइलवर पाठवला आहे, साहेबाला तोच दाखव.

त्या फोटोखाली हे लिहिता आलं नसतं, म्हणून पत्र. तू ये, वहिनीला आणि खुशीला घेऊन ये. पण आल्यावर बाबांसमोर एकदा म्हण, भूपेंद्र इथंच राहू दे, आम्हाला तो लागतो. मी स्वतः म्हटलं तर कोणी खरं मानणार नाही, याआधी तीनदा म्हणून तीनदा पळालो आहे. खोटं बोललो त्याची शिवी द्यायची असेल तर आधी ती दे. मग म्हण.

तुझाच,
भूपेंद्र