खिशातलं मशीन आणि डबीतलं मशीन

४ फेब्रुवारी, सकाळ
लेकीने कुरिअरने कानाचं नवीन मशीन पाठवलं. डिजिटल. शेंगदाण्याएवढं. हिने डबी उघडून माझ्या चहाशेजारी ठेवली आणि काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, "हो हो, उद्यापासून."
संकल्प : उद्यापासून रोज एक तास लावणे.
नोंद : मला कमी ऐकू येत नाही. हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात.

५ फेब्रुवारी
लावलं नाही. कारण आळस नव्हे, तत्त्व.
टेलिफोन एक्सचेंजच्या टेस्ट डेस्कवर अख्खी नोकरी काढली. हेडफोन लावून नुसत्या खरखरीवरून सांगायचो, अमुक चौकातल्या जोडात पाणी शिरलंय. माणसं खड्डा खणायची आणि पाणी निघायचं. साहेब म्हणायचे, ह्याचा कान सरकारजमा करा. त्या कानात आता शेंगदाणा?
ॲनालॉग म्हणजे काय? आवाज जसा चढेल-उतरेल, तशीच तारेतली वीज चढते-उतरते. अख्खी लाट, शेपटासकट. डिजिटल म्हणजे त्या लाटेची उंची सेकंदात हजारो वेळा मोजायची, त्या आकड्यांचे शून्य आणि एक करायचे, आणि पलीकडे त्यावरून पुन्हा लाट रचायची. म्हणजे बायकोचा आवाज मी हिशेब करून ऐकू? माझं जुनं खिशातलं मशीन आहे तेच बरं. वायर मी स्वतः डाग देऊन जोडली आहे.
हिला हे सगळं नीट समजावलं. ही हसली. पटलं असावं.

९ फेब्रुवारी
खिशातलं मशीन आज शिट्टी मारत होतं. मला ऐकू आली नाही. खालच्या वकिलांचा कुत्रा मात्र भुंकत सुटला. वकील वर आले आणि हातवारे करून बोलले. मी मान डोलावली. ते आणखी चिडले. बहुतेक मान चुकीच्या ठिकाणी डोलली.

संध्याकाळी सहा
गॅलरीत दोन खुर्च्या. ही रोजच्यासारखी नावाड्याची कविता म्हणत होती. चौथीच्या पुस्तकातली. आमच्या शाळा वेगळ्या, पण पुस्तक एकच, त्यामुळे लग्नाआधीपासूनची ओळख म्हणायला हरकत नाही.
पैलतिरीच्या नावाड्या रे, आण तुझी ती होडी,
हाक मारतो ऐलतिरी मी, ऐक जराशी थोडी...
हल्ली हिचा आवाज फार मृदू झालाय. वयाने गोडवा येतो. शब्द पोचत नाहीत, पण मला कविता पाठ आहे. ओठ हलताना दिसले की बास. मी गुडघ्यावर बोटाने ठेका धरतो. सुखी माणसाला दोन कान लागतातच असं नाही.

१४ फेब्रुवारी
भाजी घेऊन येताना ही जिन्याच्या पहिल्याच वळणावर बसली. खिडकीतून झाड बघत. पुढच्या वळणावर पुन्हा बसली. तिथे खिडकी नाही. पण पहिलं झाड मनात रेंगाळत असेल. आमच्या पिढीला निसर्गाचं वेड.
पिशवी मी घेतली. काहीतरी म्हणाली. मी म्हटलं, "अगं, त्यात काय."

१५ फेब्रुवारी
आज मशीन लावलं!! पाच मिनिटं. वाटीत चमचा पडला की बॉम्ब. नळ म्हणजे धबधबा. माझ्याच चपला माझ्या मागे लागल्या.
शिवाय मोठा दोष सापडला. ही शेजारी येऊन बसली की मशीनमध्ये बारीक खरखर येते. ही स्वयंपाकघरात गेली की बंद. आली की पुन्हा चालू. एवढे पैसे घेऊन ही क्वालिटी. कान तयार आहे म्हणून पकडलं, दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं.
संकल्प : लेखी तक्रार.

१७ फेब्रुवारी
मशीनवाल्या बाईंकडे गेलो. बाईंनी कॉम्प्युटरला जोडून तपासलं. मोठ्याने म्हणाल्या, "काका, मशीन निर्दोष आहे. ते बाहेर जे असेल तेच ऐकवतं."
मी म्हटलं, "बाई, खरखरीबद्दल मला शिकवू नका."
मग त्यांनी समजावलं. आवाज एकदा आकड्यांत आला की त्यातून नको तो भाग काढता येतो. एकसारखी खरखर, पंखा, मोटर. बोलणं राहतं, बाकीचं गाळलं जातं. ॲनालॉगमध्ये हे एवढं सफाईदार जमत नाही, खरखर बोलण्याला चिकटूनच येते आणि आवाज वाढवला की तीही वाढते. हे मलाही मान्य करावं लागलं.
"गाळून टाका," मी म्हटलं.
घरी येऊन हिच्याशेजारी बसून पाहिलं. खरखर साफ गेली! हिला सांगितलं, "बघ, घालवली की नाही!" ही माझ्याकडे बघत राहिली. तक्रार मिटल्यामुळे मशीन डबीत ठेवलं.

१९ फेब्रुवारी
लेक एक दिवसासाठी आली. संध्याकाळी गॅलरीत तिसरी खुर्ची टाकली. हिने कविता म्हटली, मी ठेका धरला. बघतो तर लेकीच्या डोळ्यांत पाणी. चौथीच्या कवितेत ही ताकद आहे. आताच्या पोरांना पाठांतर नाही म्हणून, नाहीतर तीही रडली असती रोज.
लेकीने जाताना माझे खांदे धरून काहीतरी खूप वेळ सांगितलं. मी म्हटलं, "काळजी करू नकोस, रोज लावतो."

२२ फेब्रुवारी
लेकीचा फोन. "गुरुवारी", "दहा वाजता", "डॉक्टर" एवढं स्वच्छ ऐकू आलं. म्हणजे पुन्हा माझे कान! मशीन झालं, आता डॉक्टर. हिने कॅलेंडरवर नंबरसुद्धा लिहून ठेवलाय. मायलेकींनी कट केलाय.
दवाखान्यात फोन लावला. जुना टेस्ट डेस्कचा आवाज काढला आणि गुरुवारची वेळ रद्द केली. पलीकडून काहीतरी विचारलं. "नक्की रद्द," म्हटलं आणि ठेवला. बाणेदारपणा म्हणतात तो हाच.

२४ फेब्रुवारी, गुरुवार
सकाळी ही चांगले कपडे घालून, पर्स मांडीवर घेऊन तयार बसली होती. माझ्यासोबत यायला. मला भरून आलं. म्हटलं, "अगं, रद्द केलं मी. काही गरज नाही."
 ही एकच शब्द बोलली. मी म्हटलं, "तेच तर!" तिने पर्स खुंटीला अडकवली आणि आडवी झाली. सुटल्यासारखं वाटलं असणार तिलाही.
संध्याकाळी लेकीशी फोनवर बोलली. कॅलेंडरवर आता मंगळवारला गोल केलाय. चिकाटी आहे बायकांत.
संध्याकाळी कविता फार थोडी झाली. पहिलं कडवंच.

२७ फेब्रुवारी, रविवार
ही गेली.
दुपारी. खुर्चीत.

६ मार्च
सगळे येऊन गेले. मान डोलावत होतो.
एक विचार. ॲनालॉग लाइन मरणार असेल तर आधी कळतं. खरखर वाढते, आवाज लांब जातो, माणूस ओळखू येईनासा होतो. आपल्याला वेळ मिळतो, दुरुस्ती पाठवता येते. डिजिटल लाइनचं तसं नाही. ती वाटेत कमजोर झालेला सिग्नल पुन्हा नवा करकरीत करून पुढे धाडते, त्यामुळे शेवटपर्यंत ठणठणीत. आणि एका क्षणी एकदम काहीच नाही.
ही डिजिटल निघाली. जन्मभर माझ्यासोबत राहून. काही सूचना नव्हती.
वकील रोज जेवणाचा डबा ठेवून जातात. कुत्र्यालाही घेऊन येतात. तो भुंकत नाही.

११ मार्च
लेक उद्या जाणार. आज तिने डबी उघडली, मशीन स्वतःच्या हाताने माझ्या कानात बसवलं, आणि समोर बसली. म्हणाली, "बाबा, आता मान डोलवू नका. ऐका."
मी म्हटलं, "बोल."
"आई कविता म्हणत नव्हती. कितीतरी दिवसांपासून नव्हती. ती तुमच्याशी बोलायची."
"काय?"
"मी होते त्या दिवशी म्हणाली, आज जिना चढवला नाही. म्हटलं, आई, हे बाबांना मोठ्याने सांग ना. तर म्हणते, ह्यांना सांगायचं तर ओरडायला हवं, आणि ओरडायला दम नाही गं." लेक पुढे म्हणाली, "तुम्ही ठेका धरलेला बघून हसली. म्हणाली, असू दे, लय तर चुकत नाहीत."
गुरुवारची वेळ हिची होती. दम लागत होता म्हणून. डॉक्टर नंतर लेकीला म्हणाले, फुप्फुसात पाणी साठलं असणार. श्वासात खरखर येत असेल, शेजारी बसणाऱ्याला सहज कळली असती.
सगळं स्वच्छ ऐकू आलं. एकही शब्द परत विचारावा लागला नाही.
लेकीने माझा हात धरून ठेवला.  मला वाटतं ती मला बोल लावत नव्हती. लावला असता तर बरं.
पाणी शिरलं होतं. मी ऐकलं होतं.

१४ मार्च, दुपार
मशीनवाल्या बाईंकडे गेलो. म्हटलं, "ती खरखर काढली होती ना, ती परत घाला."
बाई म्हणाल्या, "काका, लोक काढायला येतात."
"घाला."
त्यांनी घातली. विचारलं, त्रास नाही ना होणार? मी म्हटलं, नाही.

संध्याकाळी सहा
गॅलरीत बसलो. दोन खुर्च्या. शेजारच्या खुर्चीकडे कान केला.
खाली वकिलांचा कुत्रा पाणी पितोय. वरच्या मजल्यावर कुणी कपाट लावतंय. आपल्या घड्याळाला टिकटिक आहे हे मला माहीत नव्हतं. बोट गुडघ्यावर आपोआप चालू झालं. थांबवलं.
खरखर नाही.
मशीन निर्दोष आहे.