सेनापतीच्या विधवेचा चौथा मेल

सोम. १२ जून २०००
माधवी गेली. बंगळूर, कॉम्प्युटर कंपनी. काचीगुडा स्टेशनवर मी, तिचा धाकटा भाऊ सुधीर आणि तीन बॅगा. सुधीर पाणी आणायला गेला तेवढ्यात म्हणाली, "कॉलेजात परत जाणार की नाही, एवढं मेलवर कळव. तीस तारखेला आई पुण्याच्या स्थळाला उत्तर देणार आहे." आणि मेलचा पत्ता माझ्या तळहातावर लिहिला. मी म्हटलं, ज्या एचओडीच्या टेबलावर जर्नल आपटून तिसरं वर्ष सोडलं, त्याच्यापुढे हात जोडू? मरेपर्यंत नाही. गाडी हलली. धक्का कुणाचा माहीत नाही, चहा माझ्या शर्टावर. ती हसली. मी नाही.

बुध. १४ जून
नारायणगुड्याला खाजाभाईंच्या नेट कॅफेत काउंटर सांभाळतो. सकाळी गिऱ्हाईक नसतं, तेव्हा स्वतःचा मेल बघायचा. नवीन आयडी 'तूफान'. आज अकरा मेल. सगळा कचरा. पण काय कचरा! एकजण विचारतो, टक्कल पडतंय का. दुसऱ्याला माझ्या पोटाच्या घेराची काळजी. एक अमेरिकन युनिव्हर्सिटी परीक्षेशिवाय डिग्री देते, नुसत्या 'आयुष्यातल्या अनुभवावर'. माझा अनुभव: जर्नल आपटणे. यांना कळलं कसं? घरात बाबा मार्चपासून बोलत नाहीत, आणि इतक्या लांबचा माणूस

(गिऱ्हाईक आलं.)

शुक्र. १६ जून
आज जे वाचलं ते अजून डोक्यातून जात नाही. आफ्रिकेतल्या कुठल्याशा सेनापतीची विधवा. "प्रिय मित्र, हे पत्र पाहून आपणांस आश्चर्य वाटेल." वाटलंच. नवरा गेला, पेट्या भरून डॉलर अडकलेत, आणि अख्ख्या जगात विश्वास ठेवावा असा एकच माणूस उरलाय. मी. सख्ख्या बापाने अजून स्कूटरची किल्ली दिलेली नाही.
स्पेलिंगं रस्ता चुकलेली. पण दर तिसऱ्या वाक्याला देव, आणि शेवटी 'आपल्या तत्काळ उत्तराच्या प्रतीक्षेत'. दोनदा वाचला. खाजाभाई मागून म्हणाले, "लुच्चेगिरी है मियां. मिटा देव."
हौ, लुच्चेगिरी आहे, मला कळत नाही काय. पण लिहिणं बघा ना. दोन वर्षांत माधवीला मी असं एक वाक्य लिहिलेलं नाही.

सोम. १९ जून
बाईंचा दुसरा मेल. तब्येत बरी नाही म्हणतात. माधवीचा नाही. ती कशाला लिहील, उत्तर मी द्यायचंय. अंबरपेठेत घरी आलो. जर्नल माळ्यावर आहे. काढलं, परत ठेवलं.

बुध. २१ जून
गेलो. माफीचं पत्र घेऊन एचओडींकडे गेलो. रात्री चार कागद फाडले, प्रत्येकात भांडणच उतरत होतं. मग बाईंचा मेल समोर ठेवला आणि तस्सं लिहिलं. हे पत्र पाहून आपणांस आश्चर्य वाटेल. देवाच्या कृपेने आपणच एक विश्वासाचे. एचओडींनी चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. "बाबू, हे तू लिहिलंस?" म्हटलं, एका विधवाबाईंची मदत झाली. पत्र त्यांनी फायलीला लावलं. मग परत प्रवेशाच्या फॉर्मवर सही केली.
सही केली!
कॅफेत धावत. माधवीला मेल. सबजेक्ट पण त्याच तोलाचा हवा. सगळी कॅपिटल अक्षरं: अर्जंट, तुमच्या भविष्याबद्दल. सुरुवात 'प्रिय मित्र'. काय उतरलाय म्हणून सांगू.

सोम. २६ जून
उत्तर नाही. पाच दिवस. तिच्या होस्टेलवर मुलाचा फोन आला तर बोलावत नाहीत. लाथेने स्टूल मोडलं. खाजाभाईंनी तुकडे उचलून कोपऱ्यात ठेवले, ते जास्त वाईट. बाईंचा तिसरा आला.

बुध. २८ जून
सुधीर प्रिंटआउटला आला. त्याला आमचं काही माहीत नाही. हसत सांगत होता, ताईच्या ऑफिसात टोपलीभर कचरा मेल येतो, सबजेक्टमध्ये मोठ्या अक्षरात अर्जंट दिसलं की न उघडता मिटवायचं, साहेबांची ऑर्डर. "कोण एक तूफान आहे म्हणे. ताई म्हणाली, नावावरूनच कळतं, लुच्चा."
मी प्रिंटरमध्ये कागद उलटा लावला. परवा आठनंतर फोनचे रेट उतरले की आई पुण्याला बोलणार, हेही तोच सांगून गेला.

गुरु. २९ जून
आयडी बदलला. माझं नाव, बापाचं आडनाव. सबजेक्ट: शर्टावर चहा. इंग्रजी अक्षरांत मराठी, चार ओळी. फॉर्म भरला. हात जोडले. जर्नल पुन्हा लिहितोय. तूफान मीच होतो.

शुक्र. ३० जून
सकाळी काही नाही. दुपारी लाइन मेली. सातला आली. सहा मेल. एकही तिचा नाही. तिच्याकडेही लाइन गेली असेल. किंवा वाचून
बाईंचा चौथा. मी त्यांना एकदाही उत्तर दिलेलं नाही. तरी आवाज चढलेला नाही, टोमणा नाही, स्टूल मोडल्याची खूण नाही. "प्रिय मित्र, माझे मागील पत्र कदाचित आपणांस पोचले नसेल." लुच्ची असो, काय काळीज आहे! मी तर दोनदाच लिहिलंय.
शर्टावर चहा. माधवी, माझं मागचं पत्र कदाचित तुला पोचलं नसेल.
पाठवलं. खाजाभाई शटरला हात घालून उभे. म्हटलं, थोडं थांबा. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि दोन चहा सांगितले.
आठला वीस मिनिटं आहेत.