कॉलरीतला लाल बदाम

३ तारीख
पोचलो एकदाचा ठाण्यावर! दादानं दारातच मिठी मारली आणि माझ्या ढेरीवर थाप मारून म्हणाला, वेढ्यात आपोआप उतरेल. आम्ही चाळीस, खाली शत्रूचे चार हजार. पण कप्तानाची युक्ती झकास आहे. तटावर गणवेश घातलेली गवताची बुजगावणी उभी करायची, म्हणजे आम्ही दुप्पट दिसू. गणवेश शिवायला दादानं मला, आपल्या शिंपी भावाला, बोलावून घेतलं. खोली लहान आहे, पण ऊन भरपूर आणि मशीन कुरकुरत नाही.

६ तारीख
चाळीस गणवेश शिवून झाले. धुलाईत कपड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून दुकानात घालतो, तशी प्रत्येक कॉलरीत खूणही घातली. बुजगावण्यांची कसली डोंबलाची धुलाई! पण हाताला सवय. खुणा इथल्याच माणसांच्या: आचाऱ्याची पळी, न्हाव्याची कात्री, दादाचा लाल बदाम. सगळे पोट धरून हसले.

८ तारीख
सकाळी पहिला गोळीबार. पळीवाल्या बुजगावण्याच्या गळ्यातून गोळी आरपार गेली. शत्रू फसला म्हणून आम्ही टाळ्या पिटल्या. आचारी आत कांदे चिरत होता. तो तिथंच पडलेला सापडला, गळ्याला भोक. खिडकी बंद, भिंती धड. कप्तान म्हणतो, भटकी गोळी.

९ तारीख
न्हावी गेला. कात्रीवाल्याच्या कपाळात गोळी, ह्याच्याही. मला भीती वाटते आहे.
दुपारी हवालदाराच्या बुजगावण्याची खूण उसवायला घेतली. पहिला टाका तोडला आणि खाली अंगणात तो किंचाळला. मान दाबून बसला होता, बोटांतून रक्त. टाका परत घातला.

१० तारीख
आणखी तिघं. कप्तानाचे पाय धरले, सगळं सांगितलं, बुजगावणी काढा म्हणालो. तो म्हणाला, तट रिकामा दिसला की तासाभरात शिड्या लागतील, मग एकही उरणार नाही. त्याचं खोटं नाही.

११ तारीख, दुपार
एकच चोरलं. लाल बदामाचं. मांडीवर घेऊन बसलोय. दादा वाचला. बाकीच्यांचा विचार नको.

थोड्या वेळानं
तटावर फट दिसते म्हणून आरडाओरडा. खाली शिड्या उचलल्यात. कप्तानानं विचारलं, तिथं कोण उभं राहतं — आणि दादा — माझ्या खिडकीखालूनच गेला, हसत —
दाराला बाहेरून कडी. न लढणाऱ्यांनी आतच राहायचं, हुकूम. हाका मारल्या. ऐकू जात नाही.
ह्याला घट्ट धरून ठेवतो. ह्याला काही झालं नाही तर त्यालाही —
गोळी.
मांडीवरच्या बुजगावण्याच्या छातीत भोक पडलंय. गवत ओलं. गरम. दादा, तुझी जागा मीच रिकामी —