राखाडी ठिपका

३ मार्च

चि. भुंग्यास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू रडलीस, मी ओरडलो, आणि मुद्दा राहूनच गेला. म्हणून हे पत्र.

वरच्या खोलीचं रंगकाम काढलंय. तू लावून दिलेले वायफायचे दोन्ही डबे रंगाने, धुळीने खराब होऊ नयेत म्हणून मी उतरवून कपाटात ठेवले आणि अंघोळीला गेलो. तिकडे तुझ्या मोबाइलमधल्या त्या कंट्रोलर ॲपवर अख्खं घर राखाडी, म्हणजे बंद झालं, आणि इकडे तू धाडलेल्या शेजारच्या वायरमनने दाराची कडी उचकटली! मी टॉवेलवर, तोंडाला साबण. बिचारा म्हणाला, की काका, तुम्ही तर चांगले धडधाकट आहात. जणू माझंच चुकलं.

आम्ही टेलिफोन ऑफिसात माणसं जोडून द्यायचो आणि लगेच कान काढून घ्यायचो. ऐकत बसणं हा गुन्हा होता. तू घर जोडून दिलंस, पण कान काही काढला नाहीस. मी कधी उठतो, कुठल्या खोलीत लोळतो, सगळं तुला तिथे बसून दिसतं. मला हे आवडत नाही. कंट्रोलरची मालकी माझ्या नावावर कर.

कळावे. पण सगळंच कळू नये.
बाबा

९ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

कडीचं चुकलं. घाबरले ते चुकलं असं मात्र म्हणणार नाही. आई घरात पडली तेव्हा तुम्ही बाजारात होतात, मी इथे. दोघांनाही उशिरा कळलं. तेव्हापासून माझा जीव टांगणीला असतो. मीटिंगमध्येसुद्धा टेबलाखाली ॲप उघडते. तुमचा मोबाइल स्वयंपाकघरातल्या डब्याला जोडलेला दिसला, की चहा ठेवलात. वरच्या डब्याला गेला, की आडवे झालात. ठिपका हिरवा असला की मला घास उतरतो.

आणि मालक होऊन करणार काय तुम्ही? नवा डबा ‘दत्तक घेण्याच्या प्रतीक्षेत’ असं ॲपमध्ये आलं, म्हणजे नुसता जोडून घ्यायचा होता, तर मला कळवलंत, की आता या वयात झेपायचं नाही, नकार दे! मालकी मागू नका, बाबा.

रागावलात तरी लोभ कमी करू नका.
भुंगा

१५ मार्च

चि. भुंग्यास,
अनेक आशीर्वाद.

दत्तकाचा विनोद तू आणखी किती वर्षं पुरवणार आहेस?

रोज सकाळी चहा झाला की मीच फोन करीन. हा शब्द. पण मालकी दिली नाहीस तर डबे पुन्हा कपाटात जातील. मग बस त्या राखाडी ठिपक्यांकडे बघत.

कळावे, हट्टी बापाचा आशीर्वाद आहेच.
बाबा

२१ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

केली मालकी तुमच्या नावावर. माझ्याकडचं ॲपही काढून टाकलं. अंगठा अजून सवयीने त्याच जागी जातो आणि रिकामा परत येतो. तुमचा फोन सकाळी येतो, त्यानंतरचा दिवस कसा काढायचा ते कुणी सांगत नाही.

अपडेट चालू असताना वायर उपटू नका. स्वतःला जपा.
भुंगा

२८ मार्च

चि. भुंग्यास,
अनेक आशीर्वाद.

मालक झालो. अजून काही बिघडवलेलं नाही.

काल ॲपमध्ये चाचपडताना एक यादी सापडली. या घरात कधीकाळी जोडलेले सगळे मोबाइल तिच्यात आहेत. वायरमनचा आहे, रंगाऱ्याचा आहे. अगदी खाली ‘भुंगा’, राखाडी. पुढे लिहिलंय, ‘शेवटचं दिसलं’, आणि तारीख. ती आई गेली त्या महिन्यातली आहे गं.

म्हणजे तू मला रोज बघत होतीस, आणि या घराने तुला तेव्हापासून पाहिलेलंच नाही. फोनवर रोज बोलतो, म्हणून माझ्याही ते ध्यानात आलं नव्हतं. फार वाईट वाटलं.

तुझ्या नावाशेजारी ‘विसरा’ असं बटण आहे. त्याला हात लावला नाही. उलट येता-जाता उघडून बघतो, ठिपका हिरवा झाला का. कान काढून घेणारा मी, मलाही तुझाच रोग लागला.

वरच्या खोलीचा रंग वाळलाय, डबा पुन्हा छताला लावलाय. पासवर्ड बदललेला नाही. तू फाटकाशी आलीस, की बेल वाजवायच्या आधी मला कळेल.

लोभ आहेच. ये.
बाबा