धुळवडीनंतरच्या चार बाटल्या

शनिवार, १५ मार्च
काय करून बसलो! आज शिफ्ट सुटताना लघवीची तपासणी होती. मोठ्या गिऱ्हाइकाची अट — आधी छपाईच्या कामगारांना तपासा, मगच पिशव्यांची ऑर्डर. तपासणीवाल्या मिनल मॅडम बाटल्या घेऊन आल्या. "शाई पातळ करायचं थिनर अंगात किती जातं ते बघायचंय," स्पष्ट सांगितलं. पण कालच धुळवड झालेली! मायकेल, दिपेश, विठू — तिघांचे हात अजून गुलाबी आणि डोळे लाल. दारूच पकडणार, अशी खात्री! दिपेश हात जोडून, "भाई, तू एकटाच कोरा. आमच्या पण भर ना." मायकेल म्हणाला, "पानी पी, बाबा. देव तुझा भला करील!"
पाणी ढोसलं. चारही भरल्या. नावं मात्र सुवाच्य लिहिली.

सोमवार, १७ मार्च
झोप नाही. पकडले गेलो तर? त्यात डोकं जड. हाटकेश इंडस्ट्रीतल्या आमच्या गाळ्यात संध्याकाळी सगळ्यांचंच होतं. वास बाहेर ओढणारा पंखा वर्षभर मागतोय. शेठ खिडकीकडे बोट दाखवतो — "बारी छे ने! खोलो."
आई शेजारणीला सांगत होती, "कारखान्यात जातो, पण हात बघा, साहेबाचे!"

शनिवार, २२ मार्च
रिपोर्ट आला. चौघांचंही थिनरचं प्रमाण मर्यादेच्या वर. चौघांचं!
म्हणजे माझं.
मॅडम शेठवर कडाडल्या, "एकाचं असतं तर समजले असते. चौघांचं सारखंच? गाळ्याची हवाच खराब आहे!" शेठला घाम.

बुधवार, २६ मार्च
पंखा बसला! सुरू केला आणि भिंतीवरचं कॅलेंडर फडफडून खाली! शेठ बाहेर जाताच मायकेलने मला खांद्यावर घेतलं. "ह्याच्या मुतानं पंखा आणला!" विठू हसून हसून खाली बसला. संध्याकाळी कुणाचंच डोकं दुखलं नाही. जिंकलो!!

शनिवार, ५ एप्रिल
फेरतपासणी. दारूची नाही हे आता पटलंय. आपापली बाटली.

शनिवार, १२ एप्रिल
तिघं ठीक. माझं अजून वरच. हवा तर सगळ्यांना तीच! असं कसं, म्हणून मॅडमपुढे दोन्ही हात पसरले. मॅडमनी तेच हातात घेतले. "छपाईवाल्याचे हात इतके लख्ख कसे?"
सांगितलं — सुटताना रोज थिनरने धुतो, कोपरापर्यंत. धुळवडीचा रंगही त्यानेच काढला.
"अरे राजा, ते कातडीतूनही आत जातं."
दिपेशने आपली निळी नखं नाचवली. "बघ, घाणेरडे पास!"

शनिवार, २६ एप्रिल
मर्यादेच्या खाली! हाताला थिनर बंद; साबणाने निघाली तेवढीच शाई काढली, बाकी तशीच. आई ताट वाढता वाढता थांबली. "हे कसले रे हात?"
दोन्ही हात तिच्यापुढे धरले. निळे. बघ ना, आई!