खटका काढलेला पंप

प्रिय ताई,

आणि वर दाजींना सांगतेस, त्याला कळवू नका, पोरगं चिडेल! चिडणारच. दुकानं पालथी घालून मी आपल्या होडीच्या तळात मावेल असा पंप निवडून पाठवला. पाणी साचलं की आपोआप चालू, उपसून झालं की आपोआप बंद. आणि तू काय केलंस? त्याचा तरंगता खटका काढून टाकलास, गुडघ्याजवळ साधं बटण बसवलंस आणि बसलीस दाबत. आधी डब्याने उपसायचीस, आता बोटाने. प्रगती म्हणायची ही!

हे मी इथे होड्यांच्या कारखान्यात मिस्त्रींना तावातावाने सांगितलं. ते एका होडीखाली उताणे पडून रंग देत होते. तिथूनच म्हणाले, बहिणीला इथे कामाला पाठव आणि तू घरी जाऊन भांडी घास. सगळे हसले. मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही.

मग एक होडी बुडाली. धक्क्याला बांधलेली, वारा नाही, लाट नाही. वर ओढल्यावर पंप काढायला मला आत उतरवलं. पंप ठणठणीत, खटका ठणठणीत. खोट होती तळाच्या फळीत. फट वाढत होती, पंप गुपचूप पाणी बाहेर फेकत होता आणि मालकाला आत कोरडंच दिसत होतं. मग बॅटरी उतरली. मालक चांगला धिप्पाड गडी, पण ओल्या दोरांच्या ढिगावर बसला तो उठेचना.

तेव्हा मला तू दिसलीस. आईबाबा गेल्यावर ती होडी तुझ्या गळ्यात पडली, आणि मीही. सकाळी पहिला उतारू यायच्या आत तू तेलाच्या कापलेल्या डब्याने पाणी उपसायचीस, तोंडातल्या तोंडात मोजत. एखादा डबा जास्त निघाला की तुझा चेहरा बदलायचा. मग तू एकेक फळी तळव्याने चाचपायचीस, तापलेल्या पोराचं कपाळ बघावं तशी. मी टोकावर बसून पाय हलवत म्हणायचो, किती गं चिकट तू, पंप घे ना. शाळेने मला हाकललं तेव्हाही तू हात उगारला नाहीस. लोक म्हणाले, भिंगरी आहे, कुठे टिकायचा नाही. तू म्हणालीस, भिंगरीला फिरायला जागा लागते. आणि माझं इकडचं तिकीट काढलंस. आज मी जो काही आहे, तो तुझ्या त्या दोन हातांमुळे. हे तोंडावर बोलायची माझी छाती नाही, म्हणून लिहून ठेवतो.

तर बटण राहू दे. तू जिंकलीस. फक्त वायरचा जोड तळाला असेल तर वर घे, पाण्यात कुजतो. घरातलाच एखादा बारीक पाइप जोडला असशील तर बदल, नाहीतर पंप गुदमरेल. आणि जाळीत सुतळी, केस अडकतात, ती अधूनमधून धूत जा.

आता खरी गोष्ट. फोनवर तू सगळं ठीक आहे म्हणतेस आणि ठेवून देतेस, म्हणून हा कागद. दाजींनी मला सांगितलं. त्यांना रागावू नकोस. पलीकडच्या एका खेपेत तू तीन-तीनदा बटण दाबतेस, आणि उतारूंना कळू नये म्हणून तेव्हा मोठमोठ्याने गप्पा मारतेस. मागची फळी मऊ पडलीय. बदलायला पैसे नाहीत म्हणून एवढा हंगाम ढकलायचा म्हणतेस. ताई, पाणी डोळ्याला दिसावं म्हणूनच खटका काढलास ना? मग दिसल्यावर थांबायचं कुणी? हे पत्र हातात पडेल त्या दिवसापासून खेपा बंद. होडी वर ओढ, सुताराला बोलव. जहाजावर नोकरी लावणाऱ्या एजंटाला द्यायला मी पैसे साठवले होते, ते पाठवतोय. मी आता इथेच राहतो, मिस्त्री मला फळी बसवायला शिकवतायत. परत पाठवलेस तर खरंच चिडेन. बेचाळीस हजार आहेत.

तुझाच,
भिंगरी