नांगराच्या पहाऱ्यावर बाबा

गुरुवार, ५ मार्च
दुपार, होडीवरून

प्रिय ठमाबाईस,

भरभरून आशीर्वाद. आम्ही दोघं खुशाल आहोत. तुझा घसा बरा झाला का? जावईबापूंना सांग, त्यांनी दिलेले बूट मला थोडे मोठे होतात, पण आत जाड मोजे घातले की छान बसतात.

'होडीवरून' हे वाचूनच तुझ्या भुवया वर गेल्या असतील. हो, आम्ही मावशीकडे नाही. तिच्यावर डाफरू नकोस. खोटं बोलायला तिला मीच लावलं, आणि बिचारीला ते धड जमलंही नसणार. आपली जुनी होडी काढून आम्ही बेटाबेटांमधून रमतगमत चाललो आहोत. इथे फोन लागत नाही. पाववाला रोज त्याच्या होडीतून फेरी मारतो, त्याच्याकडे हे पत्र देते.

बाबांचा उजवा हात आणि पाय अजून तसेच लुळे आहेत. बोलणंही तसंच, एकदोन शब्दांवर गाडी अडते आणि मग ते चिडतात. पण होडीवर बोलावं लागतंच किती? आमची पद्धत तुला ठाऊक आहे. नांगर टाकताना ओरडायचं नाही, फक्त खुणा. वाऱ्यात ओरडलेलं अर्धंच ऐकू येतं आणि उरलेल्या अर्ध्यावरून भांडण होतं, हे आम्हाला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं. बाबा पुढे नांगराशी, मी मागे सुकाणूवर. तळवा दाखवला की थांब, बोट फिरवलं की मागे घे, मूठ वर केली की नांगर धरला. घरी पाणी मागताना ज्यांना घाम फुटतो, ते इथे दिवसभर माझ्यावर डाव्या हाताने हुकूम सोडताहेत.

आता काल काय झालं ते. पाववाल्याने बघितलंय, तेव्हा गावभर होण्याआधी तुला माझ्याकडूनच कळू दे.

समोरच्या बेटावर एक टेकडी आहे, वर जायला पायवाट आहे. बाबांनी मला टेकडी दाखवली आणि हाताने सांगितलं, जा. मी नको म्हणाले. पुन्हा तेच, जा. किनाऱ्यावरचा एक काळा खडक आणि त्याच्या नेमकं मागचं झाड त्यांनी हेरलं आणि खुर्ची तिकडे वळवून घेतली. खडक आणि झाड एका रेषेत दिसतात तोवर होडी जागच्या जागी. रेषा मोडली की नांगर सुटला. मी छोटी होडी वल्हवत किनाऱ्याला लागले.

पहिल्या वळणावरून परतायचं ठरलं होतं. मी परतले नाही. ठमे, पाय असे सुटले की थांबवेनात. कुणाला हात द्यायचा नव्हता, कुणाच्या गोळ्यांची वेळ सांभाळायची नव्हती. मला फार हलकं वाटलं. त्याची लाजही वाटली, तरी मी माथ्यापर्यंत गेले.

वर पोचले तोवर वारा फिरला होता. खाली पाहिलं तर होडी होती तिथे नव्हती. नांगर घसरत होता आणि होडीच्या मागे खडक होते. मी वेड्यासारखे हात हलवले, आपला नियम मोडून बोंब ठोकली. बाबांनी एकदाही वर पाहिलं नाही. ते खुर्चीत नव्हतेच. बसल्या बसल्या, डाव्या हाताने स्वतःला ओढत ते पुढे नांगराशी पोचले होते. साखळी जितकी लांब सोडावी तितका नांगर घट्ट रुततो. बाबा ती सोडत राहिले, खडक जवळ येत असतानाही सोडतच राहिले. मी असते तर घाबरून ओढून घेतली असती. मग होडीला हिसका बसला आणि ती थांबली. बाबांनी मागे सुकाणूकडे वळून मूठ वर केली. तिथे कुणीच नव्हतं.

टेकडी कशी उतरले ते आठवत नाही. मी होडीवर चढले तेव्हा त्यांचा गुडघा सोलवटला होता, अंगठ्यातून रक्त येत होतं, आणि चेहऱ्यावर आजारपणाआधीचा तोच आगाऊपणा होता.

"काही झालं असतं म्हणजे?" मी रडत रडत औषध लावत होते.

त्यांनी जोर लावून दोन शब्द काढले. "वर... कसंय?"

वरून कसं दिसतं, एवढंच त्यांना ऐकायचं होतं. मी कितीतरी वेळ सांगत बसले.

आता तू बाबांसाठी बघून ठेवलेल्या त्या वृद्धनिवासातल्या खोलीचं. सोमवारपर्यंत कळवायचंय ना? कळवून टाक, आम्हाला नको. तू किती धावपळ केलीस ते मला माहीत आहे. दवाखान्यात अशी माणसं तू रोज बघतेस, तुझं म्हणणं चुकीचंही नाही. काल बाबा बुडालेही असते, हे मी लपवत नाही. तरी नको. तिथे त्यांना कुणी पडू देणार नाही, आणि काही करूही देणार नाही. मात्र घरी आल्यावर सकाळी मदतीला एक बाई ठेवणार आहे आणि त्या वेळात मी चालायला जाणार आहे. सगळं एकटीने ओढायचा हट्ट मी सोडला.

आणि हो, फोन इथे लागतो. मीच बंद ठेवलाय. तुझा आवाज ऐकला की मी हो म्हणून बसते.

उद्या पुढच्या बेटाशी नांगर टाकू. तिथली टेकडी याहून उंच आहे म्हणतात. तू रागावशील. खुशाल रागाव, पण रागावून झालं की भेटायला ये.

नवऱ्याला होडीवर एकट्याला सोडून गेलेली, आणि उद्याही जाणारी,
तुझी आई